सुट्टी कुटुंबाची, भाकऱ्या कुणाच्या?

एप्रिल लागला की फोनवर जाहिराती सुरू होतात. नाव एकाचंही घेत नाही, कारण मजकूर सगळ्यांचा सारखाच असतो: ‘सहकुटुंब उन्हाळी सुट्टी. शिक्षण, कला, आरोग्य.’ पाच दिवस, चार रात्री. पहाटे योगासनं, मग वारली चित्रकला, दुपारी मातीची भांडी, संध्याकाळी गोष्टी, रात्री चांदण्या. फोन काउंटरवर जमा करायचा. आणि खाली जी रक्कम असते, ती वाचून आमच्यासारख्या पगारदार माणसाचं अर्धं आरोग्य तिथंच बिघडतं.

या जाहिरातींची थट्टा करणं सोपं आहे, पण मला ती करायची नाही. मुंब्र्यात किंवा कुर्ल्यात दोन खोल्यांत वर्ष काढणाऱ्या मुलाला मोकळं आभाळ हवंच असतं. त्याच्या आईबापालाही हवं असतं. गरज खरी आहे, म्हणून तर ती विकली जाते.

यावर आपल्याकडचं ठरलेलं उत्तर असं: कशाला पैसे घालवता, गावाला चला! मीही वर्षानुवर्षं हेच म्हणत आलो. आमचं घर पोलादपूर तालुक्यात, कशेडीच्या डोंगराखाली. जाहिरातीतलं सगळं तिथं फुकट आहे. करवंदाच्या जाळ्या आहेत, फणस आहे, सावित्री नदी आहे. 2023 च्या गणपतीत कशेडीचा बोगदा सुरू झाला. घाट चढायला पाऊण तास लागायचा, तिथं आता दहा मिनिटांत पार. बरीच वाहनं बोगद्यातून जाऊ लागल्यामुळे जुन्या घाटरस्त्यावर पहाटे चालायला जाता येतं. एवढं असताना रिसॉर्ट कशाला?

गेल्या मे महिन्यात माझ्या भाचीनं या बढाईला एका वाक्यात सुरुंग लावला. घरात आम्ही एकोणीस माणसं होतो. दुपारी जेवून आम्ही पुरुष पडवीत आडवे झालो होतो. दहावीची परीक्षा दिलेली ही मुलगी खरकट्या भांड्यांचा ढीग मोरीकडे नेत होती. वाटेत थांबून म्हणाली, “मामू, तुम्ही सगळे सुट्टीवर आलात. मग अम्मी कशावर आलीये?”

कुणी उत्तर दिलं नाही. तिच्या अम्मीनंच तिला दटावलं.

त्या दिवशी मी पहिल्यांदा मोजलं. एकोणीस माणसं, दोन वेळचं जेवण, माणशी दोन भाकऱ्या धरल्या तरी दिवसाला पाऊणशेच्या वर भाकऱ्या. वर मासे साफ करायचे, वाटण वाटायचं, आल्यागेल्याचा चहा करायचा. त्यात मे महिना. ज्या तालुक्यात पावसाळ्यात डोंगर कोसळतात, त्याच तालुक्यातल्या वाड्या मे महिन्यात टँकरची वाट बघतात. आम्ही मुंबईकर दोनदा अंघोळ करतो. ते पाणी कोण भरतं? माझ्या बहिणीची, माझ्या बायकोची, माझ्या भावजयांची ती पंधरा दिवसांची ‘सुट्टी’ म्हणजे बदललेल्या चुलीवर दुप्पट काम. मुलगे क्रिकेटच्या सामन्यांना जातात, मुली परातीपाशी बसतात. मुलांचं शिक्षण तिथंही चालूच असतं. कोण बसणार आणि कोण उठणार, हे ती शिकत असतात.

कुणी म्हणेल, म्हणूनच तर रिसॉर्ट बरं, तिथं बाईला आराम मिळतो. मिळतो खरा. पण त्या पाच दिवसांत तुमची ताटं घासायला जवळच्या वाडीतली कुणीतरी बाई रोजावर आलेली असते. तिच्या मुलांनाही शाळेची सुट्टीच असते आणि ती मुलं तिच्याविना घरी असतात. रिसॉर्टनं चुलीचा प्रश्न सोडवलेला नाही, फक्त भिंतीपलीकडे ढकलला आहे. म्हणून माझं भांडण दोघांशी आहे: पैसे घेऊन सुट्टी विकणाऱ्यांशी, आणि गावाच्या नावानं गहिवरून पडवीत झोपणाऱ्या आमच्यासारख्यांशी.

आता आक्षेप घेऊ. पहिला आक्षेप नेहमीचा: “पुरुषांना स्वयंपाक जमत नाही.” कोकणी मुसलमानानं तरी हे बोलू नये. आपल्या कितीतरी आजोबांनी बोटीवर भंडारी म्हणून शेकडो खलाशांना रांधून घातलं. आपले बाप, चुलते, भाऊ कुवेत-दुबईच्या खोल्यांत आठ-आठ जण राहिले, आळीपाळीनं डाळभात शिजवला आणि भांडीही घासली. कशेडीचा डोंगर दिसू लागला की हेच हात सगळं विसरतात. याला न जमणं म्हणत नाहीत.

दुसरा आक्षेप: “बायकाच आम्हाला चुलीजवळ येऊ देत नाहीत.” ज्या घरात पुरुषानं ताट उचललं तर शेजारपाजारी आठवडाभर बाईलाच बोल लावतात, त्या घरातली बाई दुसरं काय म्हणेल? तिचं ‘राहू द्या’ ही तिची हौस समजणं सोयीचं आहे.

तिसरा आक्षेप दीनचा. तर हजरत आयशांच्या रिवायतीत काय आहे, ते आपण सगळ्यांनी वाझमध्ये ऐकलंय. पैगंबर घरात असत तेव्हा घरच्यांच्या कामात हात लावत, आपली चप्पल आणि कपडे स्वतः सांधत. ऐकताना आपण माना डोलावतो. घरी आल्यावर पाण्याचा ग्लाससुद्धा बसल्या जागी मागतो.

मग शिक्षण, कला, आरोग्य हवंच असेल तर कशेडीखालच्या घरात ते कसं येईल?

शिक्षणासाठी महाडला चला, पोलादपूरपासून वीसेक किलोमीटरवर आहे. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्यानंतर परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले, तेव्हा कित्येकांना आसरा मिळाला तो महाडच्या मुसलमानांच्या घरांत. त्याच वर्षी 25 डिसेंबरला दुसरी परिषद भरली, तेव्हा मांडवाला कुणी जागा देईना. जागा दिली फत्तेखान नावाच्या मुसलमानानं. आपल्या किती मुलांना हे ठाऊक आहे? आणि त्याच वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांसमोर वेगळं भाषण केलं, मुलींना शिकवा म्हणून सांगितलं. तळ्याच्या काठावर हे सांगायचं असेल तर ऐकायला घरातल्या बायका हव्यात. त्या घरी भाकऱ्या थापत असतील तर ती सहल कशाची? येता-जाता गांधारपाल्याची बौद्ध लेणी बघा, पोलादपुरात ‘शिवभारत’ लिहिणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी बघा. तिकीट लागत नाही.

कलेसाठी वारली शिकवणारा मास्तर नको. आमच्या दादीला लग्नातली कोकणी गाणी येतात, हळदीची, पाठवणीची. ती कुठंच लिहिलेली नाहीत. दुपारच्या दोन तासांत ती तिच्याकडून उतरवून घ्यायची, मुलांनीही आणि मुलींनीही. यासाठी फक्त एवढं लागतं की दादीला आणि सुनांना त्या दोन तासांत दुसरं काम नको.

आणि आरोग्य म्हणजे आमच्या घरातल्या बाईसाठी आधी झोप. ती सकाळी सातपर्यंत झोपू दे. उठल्यावर जुन्या घाटरस्त्यावर फिरून येऊ दे. परत येईल तेव्हा चहा तयार असू दे, आणि तो तिच्या मुलीनं नाही, मुलानं केलेला असू दे.

मी हे नवं सांगत नाहीये. राष्ट्र सेवा दल 1941 पासून शिबिरं घेतं. त्या शिबिरांत श्रम सगळ्यांनी करायचे असतात, तिथं साहेबाचा मुलगाही झाडू मारतो. साने गुरुजींचं राष्ट्रीय स्मारक माणगावजवळ वडघरला आहे, म्हणजे आपल्या मुंबईहून येण्याच्या वाटेवरच. ‘श्यामची आई’ आपण रडत रडत वाचली, पण त्यातल्या आईची कामं वाटून घ्यावीत हे काही सुचलं नाही.

आम्ही यंदा एक गोष्ट केली आहे. मुंबईहून निघण्याआधीच एकोणीस नावांचा तक्ता लिहिलाय. स्वयंपाक, पाणी, भांडी, झाडलोट, दिवसवार. माझ्या नावापुढं पहिल्याच दिवशी भाकऱ्या आहेत. तक्ता भाचीनं केलाय, म्हणून त्यात सूट नाही. थोरल्या भावानं अजून मान्यता दिलेली नाही. वाद घरात चालू आहे आणि तो गावापर्यंत जाईल.

तुम्हीही जाहिरात उघडण्याआधी किंवा गावाची तिकिटं काढण्याआधी घरात एकदा बसा. कुठं जायचं हे नंतर ठरवा. आधी ठरवा, तिथं भाकऱ्या कोण भाजणार.