महिन्याला पाच टक्के कुठल्या वावरात पिकतात?



हा मजकूर लिहिण्याचे कारण बाहेरचे नाही, घरातले आहे. मागच्या जिल्हा बैठकीला मांडवाच्या तोंडाशी एक पोरगा गुळगुळीत कागदाची पत्रके वाटत होता. आम्हाला वाटले, बियाण्याच्या कंपनीची असतील. उघडून पाहिले तर आत छापलेले: शेअर मार्केटमध्ये गुंतवणूक, महिन्याला पाच टक्के हमखास, मुद्दल केव्हाही परत. पोरगा रोजंदारीवरचा होता. पण खाली जो फोन नंबर होता तो आमच्याच एका तालुक्यातल्या कार्यकर्त्याचा निघाला. छातीवर बिल्ला आणि खिशात कमिशन! बाजूला घेऊन विचारले तर म्हणाला, "भाऊ, मी स्वतःचे दोन लाख टाकलेत. सात महिने झाले, हप्ता एक दिवस चुकला नाही." तो खोटे बोलत नव्हता. आम्हाला भीती वाटली ती त्यामुळेच.

कांद्याचा उत्पादन खर्च काढायचा तर आपला शेतकरी आज नांगरटीपासून बारदानापर्यंत पैसा न पैसा मांडून दाखवतो. तोच माणूस पाच टक्क्यांचा कागद पुढे आला की पाटी कोरी ठेवून सही करतो. मग मांडूनच पाहू. महिन्याला पाच टक्के, आणि आलेला हप्ता पुन्हा तिथेच गुंतवला, तर वर्षाला जवळजवळ ८० टक्के होतात. एका लाखाचे दहा वर्षांत साडेतीन कोटी होतात. वीस वर्षांत १,२१७ कोटी. ज्याला हे जमते त्याने स्वतःचे एक लाख घेऊन घरी बसावे. आपल्या गावात धूळ खात, मांडवाबाहेर पत्रके वाटत कशाला फिरावे?

मग सात महिने हप्ता येतो कुठून? तुमच्याच पैशातून. लाख रुपये तुम्ही त्याच्या हातात दिले. त्यातले पाच हजार दरमहा तुम्हालाच परत करायला कुठला शेअर घ्यावा लागत नाही की विकावा लागत नाही. एक पैशाचा धंदा न करता तो वीस महिने वेळेवर हप्ता देऊ शकतो. तेवढ्यात तुम्ही मेव्हण्याला, सोयऱ्याला, गल्लीला सांगितलेले असते. त्यांच्या पैशावर पुढचे वर्ष निघते. एक दिवस कार्यालयाला कुलूप, फोन बंद. अहिल्यानगर जिल्ह्यात शेवगावच्या पट्ट्यात शेअर मार्केटचे नाव सांगून असाच पैसा गोळा झाला आणि २०२४ मध्ये गावेच्या गावे पोलीस ठाण्याच्या पायऱ्यांवर बसली.

हे आपल्याला नवे नाही. १९९० नंतर सागवानाच्या कंपन्या आल्या होत्या. वीस वर्षांत एका झाडाचे लाख रुपये होणार होते. झाडे लावणाऱ्या जातीचा माणूससुद्धा त्या कागदावर भुलला, सागाला किती वर्षे लागतात हे ठाऊक असताना! सेबीने अशा योजनांसाठी नियम केले ते १९९९ मध्ये. तोवर अनेक कंपन्या पैशासकट गायब झाल्या होत्या. पुढे पीएसीएल नावाच्या कंपनीने शेतजमिनीच्या नावावर पाच कोटींहून जास्त लोकांकडून सुमारे ४९ हजार कोटी रुपये गोळा केले. ऑगस्ट २०१४ मध्ये सेबीने ते परत करण्याचा हुकूम काढला, २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून निवृत्त सरन्यायाधीश लोढा यांची समिती बसली. जमिनीचे नाव घेतले की शेतकऱ्याचा विश्वास बसतो, हे त्यांना पक्के माहीत होते. आता शेअरचे नाव घेतले की त्याच्या पोराचा बसतो.

मग शेअर बाजार म्हणजे निव्वळ जुगार, शेतकऱ्याने तिकडे फिरकू नये, असे म्हणायचे का? व्यासपीठावरून हे म्हटले की टाळ्या पडतात. आम्ही ते म्हणणार नाही, कारण ते खरे नाही. टाळ्या घेणाऱ्यांपैकी किती जणांचे स्वतःचे शेअर आहेत, हेही आम्हाला थोडेफार ठाऊक आहे.

शेअर ही चीज आपल्याला परकी नाही. उसाच्या बिलातून कापलेल्या पैशांनी आपण साखर कारखान्याचे सभासद झालो, तो शेअरच. त्यात आणि कंपनीच्या शेअरमध्ये फरक एवढाच की कारखान्यात शेअर कितीही असोत, माणसी मत एक. कंपनीत जितके शेअर तितकी मते. कारखान्याचा शेअर दर्शनी किमतीलाच अडकून राहतो. कंपनीच्या शेअरचा रोज लिलाव होतो. कंपनीला नफा झाला तर काही भाग लाभांश म्हणून भागधारकाच्या खात्यात येतो, उरलेला धंद्यात मुरतो आणि धंदा वाढला की शेअरची किंमत वाढते. दुसरीकडून कुठून पैसा येत नाही.

लिलावाचे आपल्याला कुणी शिकवायला नको. आवक तीच, माल तोच, सकाळी भाव २२०० आणि दुपारी १८००. कांद्यात दुपारपर्यंत काही बिघडलेले नसते. घेणाऱ्याचे मन बिघडलेले असते. शेअरचे तेच. एक दिवसाचा भाव लहरीवर ठरतो, वीस वर्षांचा कंपनीच्या कमाईवर. आणि देशातल्या साऱ्या कंपन्यांची कमाई देशाच्या एकूण उलाढालीपेक्षा कायम जास्त वेगाने वाढू शकत नाही. ती उलाढाल आपल्याकडे, महागाई धरून, बऱ्याच वर्षांत दहा-बारा टक्क्यांच्या आसपास वाढत आली आहे. शेअर बाजाराकडून काय अपेक्षा ठेवायची याचे माप या आकड्यात आहे.

आता प्रत्यक्ष काय झाले ते पाहा. सेन्सेक्सचा आरंभ १९७८-७९ चा, तेव्हा तो १०० धरला. सप्टेंबर २०२४ मध्ये तो ८५,८३६ ला पोचला. म्हणजे वर्षाला साधारण १६ टक्के. एजंट हा आकडा तोंडपाठ म्हणून दाखवतात. पुढचे म्हणत नाहीत. एप्रिल १९९२ मध्ये, हर्षद मेहताच्या तेजीत, सेन्सेक्स ४,४६७ वर होता. त्या आठवड्यात ज्याने पैसे टाकले त्याने अकरा वर्षे थांबून मे २००३ मध्ये पाहिले तर आकडा ३,००० च्या आसपास. अकरा वर्षांत पोरगी पाळण्यातून शाळेत जाते आणि बापाचे मुद्दलही जागेवर नाही! तोच माणूस २०२४ पर्यंत थांबला असता तर त्याला वर्षाला साडेनऊ टक्के पडले असते, वर एक-दीड टक्का लाभांश. जानेवारी २००८ मध्ये २०,८७३ वर घेणाऱ्याने मार्च २००९ मध्ये ८,१६० पाहिले. शंभराचे एकोणचाळीस झाले. त्या खड्ड्यात ज्याने घेतले त्याला सोळा टक्के मिळाले, वर घेणाऱ्याला पावणेनऊ. बाजार एकच, देश एकच. आणि "शेवटी वर जातोच" म्हणणाऱ्यांना जपान दाखवावा: तिथला निर्देशांक डिसेंबर १९८९ मध्ये ज्या उंचीवर होता ती पुन्हा गाठायला फेब्रुवारी २०२४ उजाडले. चौतीस वर्षे.

तर आमचे म्हणणे असे. ज्याला पंधरा-वीस वर्षे त्या पैशाला हात लावायचा नाही, त्याने सरासरी दहा ते बारा टक्के धरावे, तेही कुणी लिहून देणार नाही. लाखाचे वीस वर्षांत पावणेसात ते साडेनऊ लाख. महागाई सहा टक्के धरली तर आजच्या पैशात ते दोन ते तीन लाख. एवढेच. पण हे एवढेही थोडे नाही. नुसत्या बचत खात्यात पडलेला पैसा महागाई दरवर्षी कुरतडते. मात्र वाटेत एखादे वर्ष २००८ सारखे येते, सेन्सेक्स वर्षात ५२ टक्के पडतो, आणि नेमके त्याच वर्षी पोरीचे लग्न निघाले तर? म्हणून पेरणीचा पैसा, लग्नाचा, दवाखान्याचा पैसा तिकडे न्यायचाच नाही.

एकेक कंपनी निवडण्याच्या भानगडीतही सामान्य माणसाने पडू नये. सेन्सेक्स किंवा निफ्टीतल्या सगळ्या कंपन्या थोड्या थोड्या घेणारे इंडेक्स फंड असतात, त्यांचा खर्च वर्षाला शेकडा पाव टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी. एजंटामार्फत घेतलेल्या दुसऱ्या फंडांत दीड-दोन टक्के कापले जातात. दीड टक्का म्हणजे किती? बारा ऐवजी साडेदहा टक्के पडले तर वीस वर्षांत लाखामागे सव्वादोन लाख रुपये कमी हाती येतात. अडत्याची कटती आपल्याला दिसते म्हणून आपण भांडतो. ही दिसत नाही.

आता पोरांकडे वळू. मार्च २०२० मध्ये देशात सुमारे चार कोटी डीमॅट खाती होती, २०२५ मध्ये ती १९ कोटींच्या पुढे गेली. खाते उघडणे वाईट नाही. पण गावच्या पारावर मोबाईलमध्ये मान खुपसून बसलेली पोरे शेअर घेत नाहीत, ऑप्शन खेळतात. ऑप्शन म्हणजे विसार समजा. अमुक तारखेपर्यंत अमुक भावाने घेण्याचा हक्क म्हणून थोडी रक्कम द्यायची. भाव तिकडे गेला नाही तर विसार बुडाला. आठवड्याला एक तारीख, आठवड्याला एक विसार. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये हिशेब जाहीर केला: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत या वायदे-ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. तोटा सरासरी माणशी दोन लाख, सगळा मिळून १ लाख ८० हजार कोटींच्या वर. लाखापेक्षा जास्त नफा कमावला तो शंभरातल्या एकाने. २०२३-२४ मध्ये खेळणाऱ्यांपैकी चारातल्या तिघांहून जास्त लोकांचे उत्पन्न वर्षाला पाच लाखांच्या आतले. पुढच्या वर्षाचा, २०२४-२५ चा आकडा: तोटा १ लाख ५ हजार कोटी, बुडणारे ९१ टक्के.

दोन लाख म्हणजे काय ते आपल्या भाषेत सांगतो. २०२४-२५ चा सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता. दोन लाख म्हणजे ४१ क्विंटल सोयाबीन, तेही हमीभाव मिळाला तर. बापाने पिकवायचे आणि पोराने पाच इंचाच्या काचेवर बोटाने उडवायचे!

हा पैसा हवेत जात नाही. २०२३-२४ मध्ये खर्च सोडून या लोकांनी जे ६१ हजार कोटी गमावले, त्यासमोर मोठ्या पेढ्यांच्या स्वतःच्या खात्यांनी ३३ हजार कोटी आणि परदेशी संस्थांनी २८ हजार कोटी कमावले, बहुतेक संगणकाच्या प्रोग्रामवर. तुमचा गणपत रात्री व्हिडिओ पाहून शिकतो आणि सकाळी त्या यंत्राशी कुस्ती धरतो. दलाली आणि कर वेगळे, ते हरणाऱ्याकडूनही घेतले जातात.

आणि सरकारची तऱ्हा पाहा. निफ्टीच्या आकड्यावर कुणीही आठवड्याला पैज लावावी. पण सोयाबीन, हरभरा, मोहरी, गहू, बिगर-बासमती धान, मूग आणि पामतेल यांचे वायदे मात्र डिसेंबर २०२१ मध्ये बंद केले आणि मुदत संपत आली की वाढवत वाढवत ही बंदी २०२५ पर्यंत चालवली. सोयाबीन ज्याच्या वावरात उभे आहे त्याला पुढचा भाव पाहण्याची, बांधून घेण्याची मुभा नाही, कारण त्याने महागाई वाढते! ज्याच्याकडे निफ्टीचे काडीचे कारण नाही त्याला दार सताड उघडे. सट्ट्याची यांना भीती नाही. शेतमालाला भाव मिळण्याची आहे.

एक गोष्ट शेअरवाले कधी सांगणार नाहीत. तुमच्या डोक्यावर सावकाराचे महिना तीन टक्क्यांचे कर्ज असेल तर ते वर्षाला ३६ टक्के झाले. ते फेडणे म्हणजे ३६ टक्के बिनधोक कमाई. जगातल्या कुठल्या बाजारात तेवढी मिळत नाही. रस्त्यात जमीन गेली, मोबदल्याचा पैसा आला, त्याचा पहिला मालक हे कर्ज. दुसरी, दोन वर्षांच्या घरखर्चाची बँकेतली ठेव. त्यानंतर जे उरेल आणि जे विसरता येईल, त्याचा विचार शेअर बाजारासाठी करा. आणि लक्षात ठेवा, सेबीकडे नोंदलेल्या कुठल्याही दलालाला वा सल्लागाराला हमखास परताव्याचे वचन देताच येत नाही. हमखास शब्द ऐकला की पुढचे ऐकायचे कारण उरत नाही.

त्या कार्यकर्त्याला आम्ही बोलावून सगळा हिशेब मांडून दाखवला. ऐकून घेतले, बराच वेळ बोलला नाही, मग बिल्ला त्याने स्वतःच काढून टेबलावर ठेवला. त्याच्या शब्दावर अकरा घरांनी पैसे दिले आहेत. या महिन्याचा हप्ता अजून आलेला नाही. पुढच्या बैठकीला तो येणार आहे आणि त्या अकरा घरांसमोर उभा राहणार आहे.

ज्यांचे पैसे अशा कुठेही अडकले आहेत त्यांनी मूळ पावत्या, बँकेचे खातेउतारे, मोबाईलमधले निरोप जपून ठेवावेत, एजंटाने परत मागितले तरी देऊ नयेत. १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा, ज्याला पोलीस एमपीआयडी म्हणतात, त्याखाली अशा माणसांची मालमत्ता जप्त करता येते. पण तक्रार लवकर आली तरच जप्त करायला काही शिल्लक असते. एकेकट्याने जाऊ नका. आर्थिक गुन्हे शाखेकडे द्यायचा अर्ज बैठकीच्या दिवशी सकाळी दहापासून मांडवातच लिहून दिला जाईल. पावत्यांच्या दोन दोन झेरॉक्स आणाव्यात.