उकिरड्यावरची बाग राखणार कोण?

मुंबईत धारावीला लागून, मिठी नदीच्या काठी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. १९७७ पर्यंत तिथे शहराचा कचरा पडत असे. मग तो थांबला, माती पसरली, झाडे लागली आणि सुमारे ३७ एकरांचे हे उद्यान १९९४ मध्ये लोकांसाठी खुले झाले. उकिरड्याचे रान व्हायला सतरा वर्षे गेली. आपल्याकडची वृक्षारोपणे मात्र एका सकाळीत, छायाचित्रांसकट उरकतात!

सप्तशृंगी गडाच्या वाटेवरच्या वणीसारख्या बाजारगावासाठी मला हाच हिशेब महत्त्वाचा वाटतो. मुंबईच्या उद्यानामागे प्रदेश विकास प्राधिकरणाचे बळ होते. छोट्या गावात एखाद्या पडीक तुकड्यावर चार जणांनी हौसेने रोपे लावली, तरी कागदोपत्री ती जागा कुणाची? उद्या तिथे गाळे उभे राहिले, तर दाद कुठे मागायची? आणि चैत्रात, गडावर यात्रा लोटते त्याच उन्हात, रोपांना पाणी कोण घालणार?

१९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने राज्यांनी पंचायतींकडे सोपवावयाच्या विषयांत सामाजिक वनीकरण आणि सामुदायिक मालमत्तेची निगा यांचा समावेश केला. तेव्हा ग्रामसभेने ठराव करून जागा बागेसाठी राखावी, पाण्याचा खर्च ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात धरावा आणि देखभाल शेजारच्या आळीकडे लेखी सोपवावी, असे मी सुचवीन. रोपे त्यानंतर आणावीत. आधी रोपे आणि मग कागद, हा क्रम बहुधा बागेच्या मुळावरच येतो.