दोष जिलेबीचा नव्हे

एखाद्या मुलाला मधुमेह झाल्याचे कळले, की आपल्या इंदूरात पहिला प्रश्न ठरलेला : "फार जिलेबी खात होता का?" बिचारी आई मान खाली घालते. हा प्रश्न आपण सर्वांनीच आता सोडून द्यावा, असे आम्हाला वाटते.

लहान वयात अचानक जडणारा मधुमेह बहुतेक वेळा 'टाईप १' असतो. तो गोड खाण्याने होत नाही. शरीराचे रक्षण करणारी प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींना शत्रू समजून नष्ट करते. कुंपणानेच शेत खावे, तसा हा प्रकार.

जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचे इंजेक्शन दिले गेले. तोवर या आजारात मृत्यू ठरलेलाच असे. इन्सुलिनने असंख्य मुले वाचवली. पण कुंपणाचा बंदोबस्त राहून गेला होता. तो प्रयत्न आता सुरू झाला आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत 'टेप्लिझुमॅब' या औषधाला मान्यता मिळाली. हल्ला करणाऱ्या टी-पेशींना ते आवर घालते. रक्ततपासणीत आजाराची चाहूल लागलेल्या, पण लक्षणे न दिसणाऱ्या व्यक्तींना ते १४ दिवस शिरेतून दिले असता मधुमेह सुमारे दोन वर्षे लांबला. हा आजार बरा करणारा उपाय नव्हे. पण मुलाच्या बालपणातील दोन वर्षे काही थोडी नव्हेत!

पालकहो, 'प्रतिकारशक्ती वाढवा, मधुमेह घालवा' अशा जाहिरातींना भुलू नका. येथे प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, ती भलतीकडे वळलेली असते. कुठल्याशा चूर्णाच्या भरवशावर टाईप १ च्या मुलाचे इन्सुलिन थांबवले, तर ते थोड्याच दिवसांत जिवावर बेतते.

आणि शाळेने काय करावे? अशा मुलाला वर्गातच साखर तपासण्याची, इन्सुलिन घेण्याची आणि मधल्या सुट्टीची वाट न पाहता खाण्याची मोकळीक हवी. घाम, थरथर, गोंधळलेपणा ही साखर उतरल्याची चिन्हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक हवीत. मूल शुद्धीवर असेल तर लगेच ग्लुकोज द्यावे, शुद्ध हरपली तर तोंडात काहीही न घालता तडक दवाखाना गाठावा. विश्वस्त मंडळाने हा शाळेचा लेखी नियम करावा, अशी आमची विनंती आहे.

विद्यार्थी मित्रांनो, संशोधन शास्त्रज्ञ करतील. अशा मित्राला खेळात घेणे मात्र तुमच्याच हाती आहे.