लोंबणारे छत, तरंगणारी समीक्षा

साहित्याच्या वर्गात नौका शिरली, की तिचे रूपक व्हायला पाच मिनिटे पुरतात. जीवन हा प्रवास, काळ हा प्रवाह आणि नौका म्हणजे धड तीरावर नाही, धड पाण्यात नाही असे अधांतरी अस्तित्व; मग 'सीमारेषेवरील जाणीव' वगैरे परिभाषा मागून आपसूक येते. पेनेलपी फिट्झजेराल्ड ह्यांच्या 'ऑफशोअर' ह्या १९७९च्या बुकर-विजेत्या कादंबरीची चर्चा बहुधा ह्याच वळणाने जाते. रूपकाशी आमचे भांडण नाही. ज्या वस्तूचे रूपक करायचे, ती एकदा नीट पाहण्याचेही कष्ट न घेण्याची जी सवय आम्हां अध्यापकांना जडली आहे, तिच्याशी आहे. आणि पाहायचेच झाले तर आमची सूचना अशी, की राहत्या नौकेत उतरल्यावर प्रथम मान वर करून छत पाहावे.

केबिनच्या आत, डेकच्या खालच्या अंगाला जे अस्तर असते, त्याला मराठीत नेमका शब्द नाही. आमच्या किनाऱ्यावरच्या होडीत फळी आतून उघडीच असते. झाकायला काही नसते, म्हणून शब्दही नसावा. वाड्यातली तक्तपोशी किंवा तिच्याखाली ताणलेले कापडी छत हे त्यातल्या त्यात जवळचे. आपण छतच म्हणू. १९७०च्या दशकात ब्रिटन-अमेरिकेत फायबरग्लासच्या नौका साच्यांतून भराभर निघू लागल्या, तेव्हा त्यांपैकी अनेकींना पातळ फोमची पाठ असलेले व्हिनाइल आतून थेट चिकटवून देण्यात आले. काम झटपट, दिसायला मऊ आणि स्वच्छ. पण पॉलियुरेथेनचा तो फोम दमट हवेत आणि उष्णतेत हळूहळू विघटित होतो. काही वर्षांनी त्याची चिकट भुकटी होते, व्हिनाइल सुटते आणि निजलेल्या माणसाच्या नाकापर्यंत लोंबू लागते.

अशा वेळी सोपा मार्ग म्हणजे लोंबते कापड पट्ट्या मारून वर दाबायचे, किंवा ते फाडून जुन्या भुकटीवरच नवे डकवायचे. नौका विकायची असेल तर हा मोह फारच होतो. दुसरा मार्ग कंटाळवाणा आहे. सारे कापड उतरवायचे, उरलेला फोम आणि डिंक खरवडायचा, तारेच्या ब्रशाने घासायचा, तोंडाला मुखवटा लावून ती धूळ आणि द्रावणाचा वास सोसायचा. आणि हे सर्व डोक्यावर हात धरून, ज्या खोलीत रात्री झोपायचे त्याच खोलीत. (राहत्या नौकेला दुसरी खोली क्वचितच असते.) ह्या कष्टाचे फळ एकच: डेकची खालची बाजू दिसू लागते. कठड्याचे खांब, दोर बांधायचे खुंटे, हातधरणी ह्यांचे बोल्ट डेकमधून आरपार आलेले असतात आणि त्यांच्या नटांभोवती तपकिरी ओघळ असतात. प्रत्येक बोल्ट म्हणजे एक भोक, आणि प्रत्येक भोक म्हणजे पावसाला एक वाट. डेकच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकडाचा गाभा असेल, तर तेथे मुरलेले पाणी त्याचा लगदा करते. म्हणून बोल्ट काढायचे, भोके मोठी करून इपॉक्सीने भरायची, पुन्हा पाडायची, नवे सीलंट लावून सामान बसवायचे. आणि मगच छताचा विचार करायचा.

पाणी वरूनच येते असेही नाही. श्वास, चहाचे आधण, वाळत घातलेले मोजे ह्यांची वाफ हिवाळ्यात थंड डेकला लागून थेंब धरते आणि अस्तरामागे काळी बुरशी वाढते. ह्यासाठी डेक आणि छत ह्यांमध्ये बंद पेशींच्या फोमचा, पाणी न पिणारा थर देतात. मात्र त्याची जाडी डोक्यावरच्या जागेतून वजा होते, आणि ती जागा आधीच बोटांवर मोजण्याजोगी असते. नवे छत चिकटवू नये, हे आमचे ठाम मत. पातळ प्लायवूडचे तक्ते कापून, त्यांवर व्हिनाइल ताणून मागून पिना माराव्यात, आणि ते तक्ते पट्ट्यांवर स्क्रूने बसवावेत. पुढच्या गळतीच्या वेळी चार स्क्रू सोडले की डेक पुन्हा उघडी.

आता 'ऑफशोअर'कडे वळू. विलिस हा वयस्क चित्रकार आपली 'ड्रेडनॉट' विकू पाहतो. तिला गळती आहे. शेजाऱ्यांनी गळतीचा उल्लेख करू नये, अशी त्याची विनंती असते आणि गिऱ्हाइकाला नौका ओहोटीच्या वेळीच दाखवण्याचा बेत ठरतो. पुढे ती बुडते. कादंबरीचा नैतिक पेच येथे आहे: सज्जन शेजाऱ्यांनी एका म्हाताऱ्यासाठी किती खोटे बोलावे? ज्या वाचकाला गळती ही वस्तू म्हणून ठाऊक नाही, त्याला हा पेच विनोदी वाटतो आणि तो 'अस्थिरतेचे प्रतीक' लिहून पान उलटतो. लेखिका स्वतः १९६०च्या दशकाच्या आरंभी मुलांसह बॅटरसीजवळ 'ग्रेस' नावाच्या जुन्या बार्जवर राहत होत्या. ती बार्ज बुडाली. त्यांच्यासाठी थेम्स हे प्रतीक होण्याआधी तळाशी साचलेले पाणी होते.

एल. टी. सी. रोल्ट ह्यांच्या 'नॅरो बोट' (१९४४) ह्या पुस्तकाचेही तेच. ते स्मरणरंजन म्हणून वाचले जाते. पण 'क्रेसी' ही लाकडी नौका बॅनबरीच्या टूली ह्यांच्या गोदीत राहण्याजोगी कशी केली, ह्याची त्यातली हकीकत कुणी शिकवत नाही.

कोणी विचारील, साहित्याच्या विद्यार्थ्याने आता सुतारकाम शिकायचे काय? शिकला तर बिघडणार नाही. पण मागणी तेवढीही नाही. शेतीवरची कादंबरी शिकवताना नांगर आणि वखर ह्यांतला फरक न कळणाऱ्या अध्यापकाला आपण हसतो. बोटीच्या बाबतीत मात्र अज्ञान हीच संवेदनशीलता ठरते, कारण बोट 'तिकडची' आणि म्हणून जन्मतःच काव्यात्म. पुढच्या प्रश्नपत्रिकेत 'ऑफशोअरमधील नदीचे प्रतीक' ह्याऐवजी, विलिसची नौका ओहोटीलाच का दाखवायची होती, एवढे विचारून पाहावे. किती उत्तरपत्रिकांत चिखल येतो, ते आम्हांला अवश्य कळवावे.