मित्राचे घर, नदीचा काठ आणि उशाचा तांब्या

मुलांच्या घरी राहावयास जाणे आणि मित्राच्या घरी राहावयास जाणे, यांत मोठे अंतर आहे. मुलांच्या घरी आपण आजोबा असतो. मित्राच्या घरी कोणीतरी पुन्हा आपल्याला ‘अरे’ म्हणून हाक मारतो. सत्तरीनंतर अशी हाक मारणारी माणसे थोडी उरतात. म्हणून कोणी बोलावले तर जावे, असे मी आग्रहाने सांगतो. मात्र कसे जावे, हे मी स्वतः एका चुकीतून शिकलो.

गतवर्षी चैत्रात मी बीड जिल्ह्यातील केज तालुक्यात, युसूफ वडगावला, माझ्या शाळासोबत्याकडे पाच दिवस राहिलो. हा मांजरा नदीचा प्रदेश. बालाघाटाच्या डोंगरात उगम पावून ही नदी महाराष्ट्र, कर्नाटक व तेलंगणा अशी वाहत जाऊन गोदावरीला मिळते. याच तालुक्यात धनेगावला तिच्यावर मोठे धरण आहे. सकाळी ऊन चढण्यापूर्वी आम्ही जलाशयाच्या बाजूला जात असू. पाणी मागे सरलेले, ओलसर काठावर बगळे उभे. परत आल्यावर ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, ताक. दुपारी ओसरीवर पडून जुन्या गुरुजींच्या आठवणी. घरी रात्री दोन-दोन तास जागणारा मी तेथे पहिल्याच रात्री गाढ झोपलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाजेवरून उठलो आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. मित्राने धरले म्हणून पडलो नाही. डॉक्टरांनी आधी निजवून व मग उभे करून रक्तदाब मोजला. उभे राहताच वरचा आकडा वीसहून अधिक उतरत होता. औषधांची यादी पाहून त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘दिवसभरात पाणी किती पिता?’

उत्तर मित्राच्या सुनेने दिले. ‘काका, तुमच्या उशाचा तांब्या रोज भरलेलाच असतो. मला वाटलं, तुम्हाला आमचं पाणी मानवत नाही.’

खरे कारण सांगावयास मला लाज वाटली, पण येथे लिहितो, कारण आपल्यापैकी अनेकांचे ते कारण असेल. न्हाणीघर अंगणापलीकडे होते. रात्री दार उघडून सर्वांची झोप मोडावी लागू नये, म्हणून मी दुपारपासूनच पाणी तोडले होते. शिवाय मांजरेच्या खोऱ्यातील घर. पाण्याचे मोल जाणणारे. एप्रिल २०१६ मध्ये धरण कोरडे पडल्यावर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे कोण विसरेल? अशा घरी पुन्हा पुन्हा पाणी कसे मागावे, असे मनात येई. आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी मात्र मी नेमाने घेत होतो. शरीरातून पाणी जात होते, येत नव्हते.

वाचकहो, वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते आणि मूत्रपिंडांची पाणी राखण्याची शक्तीही घटते. त्यामुळे तहान लागेपर्यंत थांबणे हा आपल्यासाठी योग्य नियम नव्हे. उन्हाळ्यात जागेपणी दर तासाला अर्धा पेला पाणी, ताक किंवा पन्हे घ्यावे. दिवसाचा बहुतेक वाटा सायंकाळपर्यंत पूर्ण करावा आणि निजण्यापूर्वी दोन तास बेताने प्यावे. म्हणजे रात्रीचे उठणेही कमी होते. लघवी गडद पिवळी दिसली, तर पाणी कमी पडत आहे असे समजावे. हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पाणी मोजून घेण्यास सांगितले आहे, त्यांनी व मीठ वर्ज्य असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांचेच ऐकावे. निघण्यापूर्वी त्यांना एवढे अवश्य विचारावे: ‘उन्हाच्या गावी जात आहे, गोळ्यांच्या प्रमाणात बदल हवा का?’ आपल्या मनाने गोळी बंद करू नये.

अंथरुणातून उठताना आधी कडेला बसावे, पाय खाली सोडून मिनिट-दोन मिनिटे थांबावे, मगच उभे राहावे. परक्या घरात पहिल्याच दिवशी, उजेड असताना, बाजेपासून न्हाणीघरापर्यंतची वाट चालून पाहावी. उंबरठे व पायऱ्या ध्यानात ठेवाव्यात. उशाशी विजेरी असावी. औषधे जाण्यायेण्याच्या दिवसांहून चार दिवस अधिक घ्यावीत व नावे, मात्रा आणि वेळा लिहिलेला कागद यजमानांकडे द्यावा. एसटीने जाणार असाल तर वयाचा पुरावा जवळ ठेवा. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीवरील प्रवाशांना राज्यात तिकीट माफ आहे.

घरातील सांभाळणाऱ्यांसाठी दोन शब्द. वडीलधारा पाहुणा ‘काही नको’ म्हणतो, तेव्हा त्यावर विश्वास ठेवू नये. ‘पाणी हवे का?’ असे न विचारता पेला हाती द्यावा. उन्हात माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग तापून भाजू लागले किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत न्यावे, अंग पाण्याने भिजवून वारा घालावा, शुद्ध नसल्यास तोंडात काही घालू नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. जेथे जायचे त्या भागातले मोठे रुग्णालय कोठे आहे, हे आधीच माहीत असावे. आम्हाला ते अंबाजोगाईचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय होते. तेथे जाण्याची वेळ आली नाही, ही दैवाची कृपा.

त्या दिवसानंतर मित्राच्या सुनेने माझी बाज न्हाणीच्या बाजूच्या खोलीत हलवली आणि अंगणातला दिवा रात्रभर ठेवला. ती एवढेच म्हणाली, ‘काका, पहिल्याच दिवशी सांगायचं ना.’ खरोखर, सांगावयास एक वाक्य पुरले असते. ते न बोलल्यामुळे मी माझे हाड मोडून घेण्याच्या बेतात होतो आणि मित्राच्या घराला आयुष्यभराची हळहळ लावणार होतो.

उरलेले दोन दिवस सुखाचे गेले. निघताना मित्राने विचारले, ‘पुन्हा कधी येतोस?’ मी तिथी ठरवूनच परतलो. आपणही कोणा मित्राला आज फोन करा, येतो म्हणून कळवा. आणि त्याच फोनवर, संकोच न करता, ‘रात्री मला दोनदा उठावे लागते’ हेही सांगून टाका.