अँटेना गेला, बॉक्स आला. आता निवड आपली

पावसाळा संपला की घरोघरी छताच्या डागडुजीचे काम निघते, आणि त्याबरोबर एक प्रश्नही निघतो : तो गंजलेला टीव्हीचा अँटेना काढून टाकायचा का? त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो. टीव्ही जुनाच आहे, पण चालतो. मग नवीन घ्यावा लागेल का? आणि तिसरा प्रश्न, जो बहुतेक घरांत कोणी उघड बोलत नाही : दर महिन्याचे केबलचे बिल एवढे कसे येते? या तीन प्रश्नांची उत्तरे एकाच बदलात आहेत. या महिन्यात त्याच बदलाबद्दल थोडे बोलू.

आपल्या राज्यात टीव्ही आला तो 2 ऑक्टोबर 1972 रोजी, मुंबई केंद्रापासून. पुढे गावोगावी दूरदर्शनचे मनोरे उभे राहिले आणि छतांवर अॅल्युमिनियमच्या काड्यांचे अँटेने दिसू लागले. आमच्या वयाच्या सर्वांना ते दिवस आठवत असतील. एकजण छतावर अँटेना फिरवतोय, दुसरा अंगणात, तिसरा टीव्हीसमोर, आणि निरोप वरखाली चालले आहेत : "आलं का?" "आलं, आलं... गेलं!" चित्र कधीच पूर्ण स्वच्छ नसे. मुंग्या असत, एका माणसाच्या दोन सावल्या दिसत. तरी बातम्या कळत आणि मालिका पाहता येत.

ते प्रक्षेपण अॅनालॉग होते. मनोऱ्यावरून निघालेली लहर जशी येईल तसे चित्र उमटे. लहर अशक्त झाली की मुंग्या वाढत, शेजारच्या इमारतीवर आपटून उशिरा पोहोचली की सावली पडे. पण काही ना काही दिसत राही. डिजिटलचे तसे नाही. तिथे चित्र आणि आवाज शून्य व एक या आकड्यांत बांधून पाठवले जातात आणि बॉक्स ते आकडे उलगडून पुन्हा चित्र तयार करतो. आकडे पुरेसे पोहोचले तर चित्र आरशासारखे स्वच्छ. थोडे कमी पडले की चित्राचे चौकोनी तुकडे होतात, माणूस तोंड उघडलेल्या अवस्थेत गोठतो, आणि आणखी कमी पडले की पडद्यावर फक्त "नो सिग्नल". अर्धवट दिसणे हा प्रकारच डिजिटलमध्ये फारसा उरला नाही. म्हणून "पूर्वी पावसातसुद्धा थोडंफार दिसायचं, आता एकदम बंद पडतं" ही घरातल्या मोठ्यांची तक्रार अगदी खरी आहे. त्यांचा टीव्ही बिघडलेला नसतो.

मग हा बदल केला कशासाठी? मुख्य कारण जागेचे. हवेतल्या किंवा केबलमधल्या ज्या पट्ट्यात एक अॅनालॉग वाहिनी मावत होती, त्याच पट्ट्यात डिजिटल पद्धतीने अनेक वाहिन्या बसतात. केबल कायद्यातील 2011 च्या दुरुस्तीनंतर हे काम टप्प्याटप्प्याने झाले. मुंबईसाठी 31 ऑक्टोबर 2012 ही मुदत होती. पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर, औरंगाबाद अशा शहरांसाठी 31 मार्च 2013. मग उरलेली शहरे, आणि शेवटी ग्रामीण भाग, ज्याची मुदत वाढत वाढत 31 मार्च 2017 पर्यंत गेली. छतावरच्या अँटेन्याला चित्र देणारे दूरदर्शनचे अॅनालॉग मनोरेही हळूहळू बंद होत गेले आणि 2022 पर्यंत काही मोक्याची ठिकाणे वगळता जवळजवळ सर्व शांत झाले. म्हणजे पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे : तो अँटेना आता काढायला हरकत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही दिलासा देणारे आहे. जुना डबा टीव्ही फेकण्याची गरज नाही. त्याच्या मागे किंवा बाजूला पिवळे, पांढरे, लाल असे तीन खाचे असतात. बॉक्समधून निघणारी त्याच रंगांची वायर तिथे लावायची आणि टीव्ही "एव्ही" वर ठेवायचा, एवढेच. पिवळी वायर चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची.

आता बॉक्स कोणता? मार्ग मुख्यतः तीन. केबलवाल्याचा सेटटॉप बॉक्स, खासगी कंपनीची छत्री, आणि दूरदर्शनची मोफत छत्री, म्हणजे डीडी फ्री डिश. (2016 मध्ये दूरदर्शनने मुंबई व औरंगाबादसह 16 शहरांत मनोऱ्यावरून डिजिटल प्रक्षेपणही सुरू केले होते, पण इतर गावांनी त्यावर विसंबून चालणार नाही.) फ्री डिशबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण ज्यांना तिची खरी गरज आहे त्यांनाच अनेकदा ती माहीत नसते. डिसेंबर 2004 मध्ये ती "डीडी डायरेक्ट प्लस" या नावाने सुरू झाली. छत्री, बॉक्स आणि बसवणावळ मिळून साधारण दीड-दोन हजार रुपयांचा एकदाच खर्च, पुढे महिन्याला काहीही नाही. सह्याद्री दिसते, डीडी उर्दू दिसते, बातम्यांच्या आणि चित्रपटांच्या काही वाहिन्या दिसतात. बॉक्स घेताना "एमपेग-4" चा मागा. जुन्या "एमपेग-2" बॉक्सवर वाहिन्या कमी येतात. आपल्या भागातून या छत्रीचे तोंड साधारण आग्नेयेकडे करावे लागते, म्हणून त्या बाजूला उंच भिंत किंवा वाढते झाड नसलेली जागा निवडा. आज ठेंगणे असलेले कडुनिंबाचे झाड चार वर्षांनी सिग्नलच्या वाटेत येते.

फ्री डिशची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. तिथल्या खासगी वाहिन्या लिलावात जागा घेतात, त्यामुळे त्या कायम राहतीलच असे नाही. 2019 मध्ये काही मोठ्या हिंदी मनोरंजन वाहिन्या तिथून निघून गेल्या, तेव्हा अनेक घरांत "डिश खराब झाली" म्हणून मेकॅनिक बोलावले गेले. वाहिनी गायब झाली तर आधी बॉक्सच्या मेनूत जाऊन पुन्हा स्कॅन करा. तरीही नसेल तर ती गेली असे समजा.

आता तिसरा प्रश्न, बिलाचा. अँटेन्याच्या काळात काय पाहायचे हे मनोरा ठरवत होता. घरात त्यावर चर्चा होण्याचे कारणच नव्हते. डिजिटलमध्ये प्रत्येक वाहिनीला वेगळी किंमत आहे आणि ती घ्यायची की नाही हे कुटुंबाने ठरवायचे आहे. 2019 पासून नियमच तसा झाला. 100 वाहिन्यांपर्यंतचे जोडणी शुल्क त्या वेळी कमाल 130 रुपये आणि कर, म्हणजे सुमारे 153 रुपये होते. सशुल्क वाहिन्या आपण निवडू तेवढ्याच. पण प्रत्यक्षात किती घरांनी निवड केली? केबलवाल्याने एक पॅक टाकला आणि तोच चालू राहिला. हक्क कागदावर आपल्या हाती आला, पण वापरला दुसऱ्यानेच.

आमच्या घरी एका रविवारी दुपारच्या जेवणानंतर दस्तरखान आवरला आणि सगळ्यांना कागद दिला. गेल्या पंधरा दिवसांत खरोखर पाहिलेल्या वाहिन्या प्रत्येकाने लिहायच्या. "असू द्यावी" म्हणून एकही लिहायची नाही. पाच माणसांच्या याद्या एकत्र केल्या तर अकरा वाहिन्या निघाल्या. त्यातल्या सहा मोफत होत्या. उरलेल्या पाच वाहिन्यांचे 48 रुपये, त्यावर कर, आणि जोडणी शुल्क, एकूण 210. त्या महिन्यापर्यंत बिल 350 येत होते. केबलवाला म्हणाला, "सर, असं सुटं कोणी घेत नाही, पॅकच स्वस्त पडतो." हिशेबाचा कागद समोर ठेवला तेव्हा त्याने निमूटपणे बदल करून दिला. महिन्याला 140, वर्षाला 1,680 रुपये. एवढ्यात एका मुलाच्या वर्षभराच्या वह्या येतात. दर तेव्हाचे आहेत, तुमच्याकडे वेगळे असतील. आजचे जोडणी शुल्क आणि प्रत्येक वाहिनीची किंमत केबलवाल्याकडून लेखी घ्या, आणि दिलेल्या पैशांची पावतीही.

त्या कागदांत आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटला तो अम्मींचा. त्यांच्या यादीत दोनच नावे होती, सह्याद्री आणि डीडी उर्दू. दोन्हीला पैसे लागत नाहीत. पण या दोन वाहिन्या स्वतः लावता येत नाहीत, हे त्यांनी तेव्हा पहिल्यांदा सांगितले. मुले शाळेतून येईपर्यंत त्या टीव्ही लावतच नव्हत्या.

आमच्या मते या बदलाची खरी किंमत इथे आहे, आणि ती बिलात दिसत नाही. जुन्या टीव्हीला दोन बटणे होती, एक चालू करायचे आणि एक आवाजाचे. आता रिमोट दोन, त्यावर चाळीस-पन्नास बटणे, आणि पडद्यावर इंग्रजी मेनू. चुकून टीव्हीच्या रिमोटचे एक बटण दाबले गेले की पडदा निळा. आमच्या गल्लीतल्या एका वृद्ध खालांच्या घरी असेच झाले. चार दिवस टीव्ही बंद होता. मेकॅनिक आला, "एव्ही" चे बटण दाबले आणि 300 रुपये घेऊन गेला. पैशांपेक्षा वाईट हे की त्यानंतर खालांनी रिमोटला हात लावणे सोडले. "आपल्याच्यानं काही होत नाही" असे त्या म्हणू लागल्या. ज्या बाईने चार मुलांना वाढवून उभे केले, तिला एका प्लास्टिकच्या तुकड्याने हे वाक्य शिकवावे, याचे वाईट वाटते.

शिक्षक म्हणून या बाबतीत दोन शब्द सांगण्याचा अधिकार घेतो. शिकवताना समोरच्याच्या हातातून वस्तू काढून घ्यायची नाही, हा वर्गातला पहिला नियम. मुलगा गणितात अडला की खडू हिसकावून आपण सोडवून दाखवले तर तो शिकत नाही. घरात मात्र आपण नेमके तेच करतो. "द्या इकडे, मी लावतो." दहा सेकंदांत टीव्ही लागतो, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना पुन्हा कोणाची तरी वाट पाहावी लागते.

आम्ही काय केले ते सांगतो. बॉक्सच्या रिमोटवर चालू-बंदच्या बटणाला लाल टिकली चिकटवली, आवाजाच्या बटणांना हिरवी. टीव्हीच्या रिमोटची फक्त चालू-बंद आणि "एव्ही" ही बटणे उघडी ठेवून बाकीवर पट्टी लावली. एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत, उर्दूत आणि मराठीत, वाहिनीचे नाव आणि समोर आकडा लिहून तो टीव्हीच्या बाजूला टांगला. मग तीन संध्याकाळी रिमोट अम्मींच्याच हातात राहिला. आम्ही शेजारी बसलो, हात मांडीवर ठेवून. पहिल्या दिवशी वीस मिनिटे लागली. चौथ्या दिवशी शाळेतून परतलो तर आतून डीडी उर्दूच्या बातम्यांचा आवाज येत होता.

मुलांच्या बाबतीत काम उलटे आहे. त्यांना सगळे येते, म्हणून कुलूप लागते. बहुतेक बॉक्समध्ये चार आकडी पिन टाकून वाहिनी बंद करण्याची सोय असते. कंपनीकडून आलेला पिन बहुधा 0000 किंवा 1234 असतो आणि तो मुलांना आपल्या आधी ठाऊक असतो. बसवल्या दिवशीच बदला. पण कोणती वाहिनी का बंद केली हे मुलांशी बोलून ठरवा. न बोलता लावलेले कुलूप शेजारच्या घरी उघडते.

आणि टीव्ही म्हणजे फक्त करमणूक नव्हे. जुलै 2020 पासून, शाळा बंद असताना, सह्याद्रीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी "टिलीमिली" मालिका लागत होती. आम्ही पालकांना फोन करून विचारत होतो, "टीव्ही आहे का? सह्याद्री दिसते का?" कित्येक घरांतून उत्तर आले, "सर, टीव्ही आहे, पण रिचार्ज संपलाय." त्याच वस्तीत फ्री डिशवाल्या घरातली मुले रोज मालिका पाहत होती. हातावर पोट असलेल्या कुटुंबाने बॉक्स निवडताना हा फरक जरूर लक्षात घ्यावा. काम बंद पडले तरी चालू राहील, अशी एक तरी सोय घरात असावी.

शेवटी जुन्या सामानाबद्दल. अँटेना उतरवताना जवळून विजेची तार जात असेल तर स्वतः चढू नका. लांब लोखंडी दांडी तारेला लागायला क्षणही पुरत नाही. अॅल्युमिनियम भंगारवाला वजनावर घेतो. डबा टीव्ही मात्र टाकायचाच असेल तर काच फोडू देऊ नका. त्याच्या काचेत शिसे असते. तो ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावा, किंवा चालू असेल तर गरजू घरी बॉक्ससह द्यावा.

या महिन्यात एवढे करा. एका संध्याकाळी घरातल्या सर्वांना कागद द्या आणि खरोखर पाहिलेल्या वाहिन्या लिहायला सांगा. सर्वांत लहानाचा आणि सर्वांत मोठ्यांचा कागद आधी वाचा. मग रिमोट घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीच्या हातात द्या आणि तुम्ही हात मांडीवर ठेवून शेजारी बसा.