स्टेंटची रचना आणि वैद्यवर्गाचे दायित्व

सोलापूर-हैदराबाद महामार्गावरील जळकोट व परिसरातील हृद्रोगी अँजिओप्लास्टीसाठी शहर गाठतो. परंतु गावी परतल्यावर अम्लपित्त वा सांधेदुखी घेऊन तो येतो आपल्याकडेच. 'वैद्यराज, रक्त पातळ करण्याच्या या गोळ्या आता बंद करू का?' हा त्याचा प्रश्न आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याचे उत्तर बव्हंशी स्टेंटच्या रचनेत आहे.

मानवी हृदयधमनीत पहिला स्टेंट १९८६ साली युरोपात बसविला गेला. आपल्या याच महामार्गावरील हैदराबादेत १९९० च्या दशकात डॉ. अब्दुल कलाम व डॉ. सोमा राजू यांनी अल्पमोली स्टेंट सिद्ध केला. मात्र निव्वळ धातूच्या जाळीत पेशींची वाढ होऊन धमनी पुन्हा अरुंद होई. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात ५० मायक्रॉन जाडीच्या तारांच्या स्टेंटमध्ये हा पुनःसंकोच १५ टक्के, तर १४० मायक्रॉनच्या तारांमध्ये सुमारे २६ टक्के आढळला.

पुढे औषधलेपित स्टेंट आले व पुनःसंकोच घटला. परंतु पेशींची वाढ रोखणारे तेच औषध, धमनीच्या अंतस्तराने जाळी झाकण्याची क्रियाही मंदावते. उघड्या जाळीवर रक्ताची गुठळी धरण्याचे भय तोवर टिकते. आजच्या बारीक तारांनी ते कमी केले, नाहीसे केले नाही. नवे ते निर्दोष, असेही नव्हे. सुमारे १५० मायक्रॉन जाडीच्या, विरघळणाऱ्या 'अ‍ॅब्सॉर्ब' स्टेंटमध्ये गुठळ्यांचे प्रमाण अधिक दिसले आणि २०१७ मध्ये त्याची विक्री थांबली.

यास्तव आमचे स्पष्ट मत असे : अ‍ॅस्पिरिन व क्लोपिडोग्रेल ही जोडी अकाली सोडणे म्हणजे गुठळीस आमंत्रण होय. ती साधारणतः सहा ते बारा महिने चालते. अवधी ठरविण्याचा अधिकार हृदयरोगतज्ज्ञाचा. 'आयुर्वेद सुरू केला, आता त्या गोळ्या नकोत' असे आपल्यापैकी कोणीही म्हणू नये. रक्तमोक्षण वा जलौकावचारण योजण्यापूर्वी स्टेंटची चौकशी अवश्य करावी. अशा रुग्णात रक्तस्राव आवरणे कठीण जाते. गुग्गुळ वा लसणाचे कल्प देतानाही सावध असावे. औषधी विक्रेत्यांनी अम्लपित्तासाठी ओमेप्राझोल परस्पर देऊ नये. त्याने क्लोपिडोग्रेलचे बळ घटते.

प्रत्येक रुग्णपत्रिकेवर स्टेंटचा प्रकार व दिनांक नोंदवावा. एवढ्या दक्षतेने एखादे कुटुंब उघडे पडण्यापासून वाचेल, आणि आपल्या शास्त्रावरील विश्वासही दृढ होईल.